बँकॉक लिहिलंय, पण बोट थांबते लाएम चाबांगला

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे आई-बाबा, दोघंही सत्तरीच्या आसपास, मार्चमध्ये सिंगापूरहून योकोहामापर्यंत २३ रात्रींच्या क्रूझवर निघालेत. वाटेत को सामुई, बँकॉक, हो ची मिन्ह सिटी, ह्युए-दा नांग, हा लाँग, हाँगकाँग, तैपेई, ओकिनावा, नागासाकी, बुसान आणि कोबे. बाबा शाकाहारी, आईंचे गुडघे दुखतात. प्रत्येक बंदरात कंपनीच्या टूर घ्यायच्या की आपलं आपण फिरायचं, आणि कुठे काय बघायचं, हे मुलाला हवंय.

मी बरीच वर्षं अशाच जहाजांवर शोअर एक्स्कर्शनच्या, म्हणजे बंदरावरच्या सहलींच्या, डेस्कवर बसलो. टूर विकणं हेच माझं काम होतं. आता विकायला काही नाही, त्यामुळे मोकळेपणाने सांगतो.

माहितीपत्रकात शहराचं नाव असतं, धक्क्याचं नसतं. 'बँकॉक' असं छापलेलं असतं तेव्हा मोठं जहाज थांबतं लाएम चाबांगला, आणि तिथून बँकॉक साधारण १३० किलोमीटर आहे. 'हो ची मिन्ह सिटी' म्हणजे फू मी, दीड ते दोन तास दूर. 'ह्युए-दा नांग' म्हणजे चान मे, जिथे धक्क्याबाहेर जवळजवळ काहीच नाही. 'हनोई' लिहिलं असेल तर ते हा लाँग, हनोईपासून दीडशे किलोमीटर. उलट 'तैपेई' म्हणजे कीलुंग, तिथे तुम्ही जहाजातून उतरता तेव्हा रेल्वे स्टेशन समोर असतं, आणि नागासाकीत जहाज गावाच्या अंगणात लागतं. म्हणून टूर घ्यायची की नाही हे शहराचं नाव बघून ठरवू नका. आधी धक्का कुठे आहे ते बघा, मग हातात खरे तास किती उरतात ते मोजा.

मोजायचं कसं, ते लाएम चाबांगवर दाखवतो. वेळापत्रकात सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असं असतं. सातला जहाज धक्क्याला लागतं. स्थानिक अधिकारी वर येऊन कागद बघतात, गँगवे, म्हणजे उतरायचा जिना, उघडेपर्यंत आठ वाजतात. सहाला निघणार म्हणजे साडेपाचला सगळे आत हवेत. उरले साडेनऊ तास. बँकॉकला जायला अडीच, यायला अडीच. वाहतुकीची खात्री नाही म्हणून एक तास हाताशी ठेवायचा. म्हणजे बँकॉकमध्ये मिळतात जेमतेम साडेतीन तास, तेही मार्चच्या भर दुपारी, पस्तीस अंशांत. एवढ्यात राजवाडा होतो किंवा वाट पो हे देऊळ होतं. दोन्ही धावतपळत केलं तर दोन्हींतलं काही आठवत नाही.

माझा ठोकताळा असा: एका बाजूचा रस्ता दीड तासाहून जास्त असेल तर जहाजाची टूर, किंवा जहाजाचीच नुसती ने-आण करणारी बस. दीड तासाच्या आत असेल तर आपलं आपण. कारण एकच. जहाजाची स्वतःची बस अडकली तर जहाज थांबतं. तुमची टॅक्सी अडकली तर थांबत नाही. हे कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. धक्क्याचं भाडं, जहाज बंदराबाहेर काढून देणाऱ्या पायलटची वेळ, भरती-ओहोटी, पुढच्या बंदरातली जागा, सगळं एकमेकांत अडकलेलं असतं.

जहाजाच्या टूर महाग असतात आणि चाळीस जणांची बस असते. त्यातला बराच वेळ स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि एखाद्या 'कारखान्या'त जातो, जो प्रत्यक्षात दुकान असतो. त्यामुळे सगळ्याच बंदरांत त्या घ्यायच्या नाहीत. तुमच्या मार्गावर मी तीनच ठिकाणी पैसे घालीन: लाएम चाबांग, फू मी आणि, खासगी गाडीची व्यवस्था झाली नाही तर, चान मे.

आता एकेक बंदर.

सिंगापूरला निदान एक दिवस आधी पोहोचा. विमान लेट झालं म्हणून जहाज चुकलेले लोक मी पाहिलेत, आणि त्यात कंपनीला दोष देता येत नाही. तिथे क्रूझची दोन टर्मिनल आहेत: मरीना साउथचं मरीना बे क्रूझ सेंटर आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. दोन्हींजवळ मेट्रो आहे, पण ती वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. तिकिटावर कुठलं नाव आहे ते आधी वाचा आणि टॅक्सीवाल्याला तेच पूर्ण नाव सांगा. बाबांच्या जेवणाची काळजी इथे नाही. लिटल इंडियात सेरांगून रोडवर शाकाहारी उडप्या-तामिळी खानावळी रांगेने आहेत.

बॅग भरताना एक गोष्ट मात्र नक्की बघा. खसखस सिंगापूरला नेता येत नाही, तेव्हा खसखशीचे लाडू आणि अनारसे घरीच ठेवा. तंबाखू-गुटखाही नाही. आणि सर्दीच्या गोळ्यांच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा, कारण पुढे जपानमध्ये स्यूडोएफेड्रीन जास्त प्रमाणात असलेल्या गोळ्यांना बंदी आहे आणि कोडीनवरही कडक नियम आहेत. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. जपानसाठी महिन्याभरापेक्षा जास्त साठा असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

को सामुई या थाई बेटाला धक्का नाही. जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी, ज्यांना टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर नेतात. टेंडरमध्ये पाय टाकताना दोन्ही बोटी वरखाली होत असतात. खलाशी हात धरतात, पण गुडघा त्या क्षणी नेमका कसा वागेल ते खलाशाला माहीत नसतं. मार्चमध्ये समुद्र तिथे बहुतेक शांत असतो (नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते बंदर वरचेवर रद्द होतं). तरी आईंनी त्या दिवशी जहाजावरच राहावं असं मी सुचवीन. दोन हजार माणसं उतरल्यावर रिकामं जहाज फार छान असतं; एरवी जागा न मिळणाऱ्या खुर्च्या, पोहण्याचा तलाव, सगळं आपलं.

लाएम चाबांगचं गणित वर झालं. बँकॉक पाहिलेलं नसेल आणि बघायचंच असेल तर जहाजाची बस घ्या, आणि एकच जागा ठरवा. मी वाट पो निवडीन: ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे, आवारात सावली आहे, आणि चालणं राजवाड्यापेक्षा कमी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पंजाबी ड्रेस उत्तम. बँकॉक आधी पाहिलं असेल तर मुळीच जाऊ नका. धक्क्यापासून जवळ, पट्टायाच्या अलीकडे, सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ नावाची शंभर मीटरहून उंच, संपूर्ण लाकडात कोरलेली वास्तू आहे. १९८१ मध्ये काम सुरू झालं ते अजून चालूच आहे, म्हणून आत जाताना डोक्यावर हेल्मेट देतात. हिंदू आणि बौद्ध दोन्ही परंपरांतल्या देवता आहेत. कारागीर छिन्नी घेऊन काम करताना दिसतात, आणि मला ते पूर्ण झालेल्या कुठल्याही देवळापेक्षा जास्त आवडतं.

धक्क्याबाहेर टॅक्सीवाले घोळका करतात. दिवसभराची गाडी ठरवलीत तर रक्कम, परतीची वेळ आणि 'दुकानं नाहीत' या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या आणि पैसे परत आल्यावर द्या.

व्हिएतनामकडे वळू, कारण या मार्गावर सगळ्यात जास्त गोंधळ आणि सगळ्यात जास्त मजा इथेच आहे. जुलै २०२५ मध्ये तिथे प्रांतांची मोठी फेररचना झाली आणि बा रिया-वुंग ताऊ प्रांत हो ची मिन्ह सिटीत विलीन झाला. म्हणजे फू मी बंदर आता कागदोपत्री शहरातच आहे. रस्ता मात्र एक किलोमीटरनेही कमी झालेला नाही. तेव्हा कुणी 'बंदर शहरातच आहे' म्हणालं तर हसून सोडून द्या आणि जहाजाची बस घ्या. शहरात १८९१ चं टपाल कार्यालय, रियुनिफिकेशन पॅलेस आणि बेन थान बाजार एकमेकांच्या जवळ आहेत. बाजारापासून थोडं चालून गेलं की ट्रुओंग दिन्ह रस्त्यावर तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं मरिअम्मनचं देऊळ आहे, जिथे आज बहुतेक भक्त व्हिएतनामीच दिसतात. वॉर रेम्नंट्स म्युझियम महत्त्वाचं आहे, पण तिथली छायाचित्रं अंगावर येतात. आई-बाबांना झेपेल का ते तुम्ही ठरवा.

रस्ता ओलांडायची तिथली रीत अशी की स्कूटरींचा लोंढा थांबण्याची वाट बघायची नाही, कारण तो थांबत नाही. सावकाश, एका लयीत चालत राहायचं. ते तुमच्या बाजूने वळून जातात. मध्येच थबकलात किंवा पळालात तर मात्र त्यांचा अंदाज चुकतो. आपल्याकडच्या लोकांना हे इतर प्रवाशांपेक्षा लवकर जमतं.

पैशांचं एक. व्हिएतनामी डोंगची २० हजारांची आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळसर, दोन्ही प्लास्टिकच्या. घाईत हमखास घोटाळा होतो. ५ लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

चान मेबद्दल जरा सविस्तर लिहितो. तिथून तीन दिशा फुटतात: उत्तरेला ह्युए, दक्षिणेला दा नांग, आणि त्याच्या पुढे होई आन. बहुतेक टूर ह्युएचा बादशाही किल्ला दाखवतात. तो सुंदर आहे, पण प्रचंड पसरलेला, चालायला फार. तुमच्या आई-बाबांसाठी मी गाडी करून दक्षिणेला जाईन. हाय वान बोगद्यातून तासा-सव्वातासात दा नांग येतं. तिथे नदीकाठी चाम शिल्पांचं संग्रहालय आहे, १९१९ मध्ये सुरू झालेलं, छोटं, एकमजली म्हणावं असं, फारशा पायऱ्या नाहीत. चाम लोकांचं राज्य मध्य व्हिएतनाममध्ये हजारभर वर्षं होतं आणि त्यांचं मुख्य दैवत शिव. मी सोनचं त्यांचं तीर्थक्षेत्र १९६९ च्या बाँबहल्ल्यात बरंच उद्ध्वस्त झालं, पण तिथल्या उत्तम मूर्ती आधीच या संग्रहालयात आल्या होत्या. त्यांत सातव्या-आठव्या शतकातला एक उभा गणपती आहे, चतुर्भुज, हातातल्या मिठाईच्या वाटीत सोंड घातलेला. मोदकाशिवाय गणपती कल्पनेत न येणारी आपली मंडळी त्याच्यासमोर हमखास थबकतात. टूरवाले मी सोनलाच नेऊ बघतात, पण चान मेहून ते फार लांब पडतं, तिथे उन्हात चालणं आहे आणि उरलेत ते विटांचे बुरूज. वेळ आणि गुडघे दोन्ही मोजले तर संग्रहालयच.

संग्रहालयातून पाऊण तासात होई आन. १९९९ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं जुनं बंदर. जुन्या भागात दिवसातले बरेच तास गाड्यांना मनाई, रस्ते सपाट, जागोजाग बसायला ओटे. कापड देऊन शिवून घ्यायची दुकानं आहेत, पण एका दिवसात शिवलेला सदरा बहुधा एका दिवसात शिवल्यासारखाच दिसतो. परतीला पावणेदोन तास धरा आणि होई आनमधून दुपारी अडीचच्या पुढे थांबू नका.

हा लाँगला हनोईचा विचार मनातून काढून टाका. जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये आणि हातात दोन-तीन तास. खाडीच बघायची: चुनखडीचे हजारो सुळके पाण्यातून वर आलेले. धक्क्याजवळूनच चार-पाच तासांच्या फेऱ्या निघतात. त्यात एखादी गुहा असते आणि गुहा म्हणजे पायऱ्या, त्याही ओल्या. आईंना बोटीवरच बसू द्या, खाडी तिथूनच जास्त चांगली दिसते. मार्चमध्ये तिथे धुकं आणि बारीक रिमझिम असते, चकचकीत निळ्या फोटोंची अपेक्षा ठेवू नका. मला स्वतःला ती जागा धुक्यातच खरी वाटते. आणि जहाज खाडीत शिरतं तेव्हा पहाटे डेकवर या. बंदर येण्याआधीच अर्धी हा लाँग बघून होते.

हाँगकाँगला पुन्हा दोन धक्के, आणि फरक मोठा. कंपनीला विचारा: ओशन टर्मिनल की काय टाक? ओशन टर्मिनल चिम शा चुईमध्ये, उतरलं की स्टार फेरी दोन पावलांवर. काय टाक टर्मिनल जुन्या विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाला बांधलंय, २०१३ चं. चालत जाण्यासारखं काही नाही, शटल किंवा टॅक्सी लागते. बाहेर पडायला अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

इथे कुठलीही टूर घेऊ नका. स्टार फेरीने बंदर ओलांडा. काही मिनिटांचाच प्रवास आहे, पण जगातल्या कुठल्याही महागड्या बंदरफेरीपेक्षा मी ती वर ठेवीन. ती सुरू केली मुंबईहून आलेल्या एका पारशाने, दोराबजी नवरोजी मिठाईवाला यांनी. १८८८ मध्ये त्यांची कौलून फेरी कंपनी झाली आणि पुढे तिचीच स्टार फेरी. पलीकडे उतरून १९०४ पासून चालणाऱ्या दुमजली ट्राममध्ये बसा आणि शेउंग वानपर्यंत नुसतं शहर बघा. ट्रामचा वरचा मजला अरुंद जिन्याने गाठावा लागतो, आईंनी खाली बसलं तरी बिघडत नाही. व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जायचं तर आधी वर बघा: ढग डोंगरावर बसले असतील तर रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, आणि मार्चमध्ये ते बऱ्याचदा बसलेले असतात. बाबांसाठी चिम शा चुईत भारतीय शाकाहारी जेवण सहज मिळतं.

कीलुंग पावसाचं गाव आहे, छत्री हातात ठेवूनच उतरा. धक्क्यावरून स्टेशन, आणि लोकलने पाऊण तासात तैपेई. मेट्रोने लोंगशान देऊळ बघा, १७३८ चं, सपाट, नेहमी जागतं. ज्यूफेन या डोंगरी गावाची सगळे शिफारस करतील. ते गाव म्हणजे पायऱ्याच आहेत, आईंना नको. बाबांना मात्र या सबंध प्रवासात जहाजाबाहेर सगळ्यात चांगलं शाकाहारी जेवण तैवानमध्ये मिळेल. बौद्ध शाकाहारी खानावळी गल्लोगल्ली आहेत. ताटात हवं ते वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. कांदा-लसूणही नसतो.

जेवणाचं बाकी सगळं इथेच सांगून टाकतो. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचा सॉस असतो, जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपचा पाया वाळवलेल्या माशाचा असतो. 'नो मीट' म्हटल्यावर वेटर मान डोलावतो आणि कोळंबी आणतो, कारण त्याच्या लेखी ती मीट नव्हे. तेव्हा त्या-त्या भाषेत 'मांस, मासे, अंडी आणि माशाचा सॉस नको' असं लिहिलेली चिठ्ठी छापून घ्या. व्हिएतनाममध्ये 'चाय' लिहिलेली पाटी, थायलंडमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरातलं 'जे', ही शाकाहारी खानावळीची खूण. एरवी सकाळी जहाजावर भरपूर खाऊन उतरा. जहाजावरची फळं किंवा शिजवलेलं अन्न खाली नेऊ नका, बहुतेक देशांत बंदी आहे आणि जपान-तैवानमध्ये कुत्री हुंगतात. जहाजावर भारतीय शाकाहारी जेवण हवं असेल तर ते निघण्याच्या बरंच आधी लेखी कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मेत्रदीला, म्हणजे डायनिंगच्या प्रमुखाला, भेटा. खानपान विभागात गोव्याची, वसईची, कोकणातली मंडळी असतातच. मराठी किंवा कोकणीत दोन शब्द बोललात की तिसऱ्या दिवशी वरण-भात कुठून येतो ते विचारू नका.

ओकिनावातलं नाहा हे तुमचं जपानमधलं पहिलं बंदर, म्हणून तिथे प्रत्येकाची समोरासमोर तपासणी: बोटांचे ठसे, फोटो. दोन हजार माणसांना दोन-अडीच तास सहज लागतात. पहिल्या गटात धक्काबुक्की करत जाण्यापेक्षा निवांत नाश्ता करा. दुपारी कोकुसाई रस्ता आणि त्यामागचा झाकलेला बाजार पुरे. शुरी किल्ल्याची मुख्य इमारत २०१९ च्या आगीत जळाली, त्या पुनर्बांधणीची काय स्थिती आहे ते जाण्याआधी बघा.

नागासाकीला शांतपणे दिवस द्या. मात्सुगाए धक्क्यावरून ओउरा चर्च आणि ग्लोव्हर गार्डन चालत दहा मिनिटांवर. गार्डन डोंगरावर आहे, पण मुख्य दारातून आत गेलात की वर जायला सरकते जिने आहेत. आणि उतरताना, गुडघ्याला खरा त्रास उतरतानाच होतो, तेव्हा आल्या वाटेने परतू नका: वरच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडा, तिथून तिरकी लिफ्ट खाली इशिबाशीला ट्रामच्या थांब्याजवळ सोडते. हे टूरवाले सांगत नाहीत, कारण त्यांची बस खालच्या दाराशी उभी असते. इशिबाशीहून ५ नंबरची ट्राम, शिंची चायनाटाउनला उतरून १ नंबर, आणि शांतता उद्यान. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी बाँब फुटला. जवळच्या अणुबाँब संग्रहालयात त्याच वेळेला थांबलेलं घड्याळ आहे. संग्रहालयाला निदान दीड तास द्या, आणि त्यानंतर त्या दिवशी आणखी काही बघायला ठेवू नका.

बुसानला मोठी जहाजं बहुधा येओंग्दो बेटावरच्या क्रूझ टर्मिनलला लागतात, तिथून शटलने नाम्पो-डोंग. जागालची मासळी बाजार प्रसिद्ध आहे. बाबांना विचारून जा. आईंसाठी योंगदुसान बाग बरी, टेकडीवर आहे पण रस्त्यावरून सरकते जिने वर नेतात. गमचोन गाव आणि समुद्राकाठचं योंगगुंगसा देऊळ दोन्ही सुंदर, दोन्ही पायऱ्यांचे. आणि कोरियात रस्ता शोधायला नेव्हर मॅप फोनमध्ये घालून ठेवा.

कोबेला धक्क्यावरच पोर्ट लायनर या छोट्या गाडीचं स्टेशन आहे, काही मिनिटांत सान्नोमिया, तिथून रेल्वेने क्योटो पाऊण-एक तास. जाता येतं. पण क्योटोत मार्चअखेरीस चेरी फुलायला लागली असेल तर बसगाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. दोघांनी कोबेतच थांबावं. कितानो भागात भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, तिथे संगमरवरी जैन मंदिर आहे आणि १९३५ ची मशीद आहे, जी उभारण्यात भारतीय मुसलमानांचा मोठा वाटा होता. मेरिकेन पार्कमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात उखडलेल्या धक्क्याचा एक तुकडा तसाच ठेवलाय, दिव्याचे खांब तिरके, काँक्रीट पाण्यात. बंदरं बघायला निघालेल्या माणसाने तो बघावा.

व्हिसाचं मुद्दाम मागे ठेवलं, कारण इथे लोकांचा सगळा उत्साह संपतो. भारतीय पासपोर्टला या मार्गावर बरेच कागद लागतात, आणि 'आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही' हे उत्तर चालत नाही. कागद नसेल तर कंपनी सिंगापूरलाच चढू देत नाही. नियम बदलतात, म्हणून कंपनीकडून भारतीय पासपोर्टसाठीची बंदरवार यादी लेखी मागा. फोनवर सांगितलेलं धरू नका. काही गोष्टी मात्र डोक्यात ठेवा. व्हिएतनामचा ई-व्हिसा मल्टिपल एंट्रीचा घ्या, ५० डॉलर. सिंगलचे २५ असतात, तो फरक वाचवू नका. अर्जात प्रवेशाचं ठिकाण निवडताना विमानतळ नव्हे, बंदर निवडा. हाँगकाँगला भारतीयांसाठी ऑनलाइन पूर्वनोंदणी आहे, फुकट, पण तिची छापील प्रत लागते. तैवानसाठी अमेरिका, ब्रिटन, शेंगेन अशा काही ठिकाणचा चालू किंवा जुना व्हिसा असेल तर ऑनलाइन प्रमाणपत्रावर भागू शकतं. जपान नीट समजून घ्या: नाहा आणि नागासाकी झाल्यावर जहाज बुसानला जातं, म्हणजे तुम्ही जपानबाहेर पडता आणि कोबेला पुन्हा शिरता. सिंगल एंट्रीचा व्हिसा नागासाकीला संपतो. दोन प्रवेशांचा मागा, आणि अर्जासोबत जहाजाचं पूर्ण वेळापत्रक जोडा. कोरिया आणि जपानमध्ये क्रूझ प्रवाशांसाठी खास उतरण्याची परवानगी असते, पण ती तुमच्या जहाजाला आणि तुमच्या पासपोर्टला लागू आहे का हेही लेखी घ्या. सिंगापूरचं आणि थायलंडचं ऑनलाइन आगमन कार्ड वेगळं भरायचं असतं, व्हिसा असो वा नसो.

घड्याळाबद्दल एक कडक सूचना. सिंगापूरहून थायलंडला गेल्यावर वेळ एक तास मागे जाते, व्हिएतनामपर्यंत तशीच राहते, हाँगकाँगला एक तास पुढे, जपानला आणखी एक पुढे. फोन आपोआप बदलतो, कधी समुद्रातच शेजारच्या देशाची वेळ पकडतो; कप्तान मात्र कधी स्थानिक वेळ धरतो, कधी जहाजाची जुनीच ठेवतो. दोघांनी साधं मनगटी घड्याळ घालावं आणि ते जहाजाच्या वेळेवर लावावं. खोलीत रोज येणाऱ्या कागदावर पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरातल्या कंपनीच्या माणसाचा, फोन नंबर असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढा. जहाज सुटलंच तर पहिला फोन त्याला करायचा. जहाज निघण्याआधी अधिकारी सहसा राहिलेल्या प्रवाशाचे पासपोर्ट तिजोरीतून काढून त्याच्याकडे देऊन जातात. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान तुमच्या खर्चाने.

विम्यात 'क्रूझ' आणि वैद्यकीय स्थलांतर (आजारी माणसाला जहाजावरून इस्पितळात हलवणं) हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. जहाजावरचा डॉक्टर चांगला असतो, पण त्याचं बिल डॉलरमध्ये येतं. आईंना बोट लागत असेल तर हाँगकाँग ते कीलुंगच्या टप्प्याला गोळी आधीच घ्यावी. तैवानच्या सामुद्रधुनीत मार्चमध्येही ईशान्येचा वारा जोरात असतो. केबिन अजून ठरली नसेल तर खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, लिफ्टजवळ मागा. आणि कपडे दोन ऋतूंचे: सिंगापूरला सुती, नागासाकीपासून पुढे स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट.

योकोहामाला ओसान्बाशी, शिन्को किंवा दाइकोकू यांपैकी कुठल्याही धक्क्यावर उतरवतात. बे ब्रिजखालून जाऊ न शकणारी उंच जहाजं दाइकोकूला थांबतात, तिथून चालत कुठेच जाता येत नाही, शटल घ्यावी लागते. दुपारपर्यंत वेळ असेल तर यामाशिता पार्कमध्ये जा. तिथे भारतीय धाटणीची घुमटी असलेलं पाण्याचं कारंजं आहे, १९२३ च्या भूकंपात योकोहामाकरांनी भारतीयांना जो आधार दिला त्याच्या कृतज्ञतेपोटी इथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी शहराला दिलेलं. परतीचं विमान हानेदाचं घ्या, नारिताचं नको: हानेदा योकोहामाहून बसने अर्ध्या तासावर, नारिता दीड-दोन तासांवर. आणि सकाळी जहाज लागलं तरी सामान मिळून कस्टम होईपर्यंत दहा वाजतात, तेव्हा दुपारी दोनच्या आधीचं तिकीट काढू नका.